खुब्याचं हाड कुणाला?

इमानालीला पंचायतीचा अध्यक्ष केलं ते एकाच गुणावर. उभ्या गावात त्याचं कुणाशी वाकडं नव्हतं. आणि वाकडं नव्हतं ते अशासाठी, की अख्ख्या हयातीत त्यानं कुणाला "तुझं चुकलं" असं तोंडावर म्हटलेलं नव्हतं. असला माणूस न्यायाला बसवावा हे फक्त आमच्याच गावाला सुचतं. नारीन नदीच्या वरच्या अंगाला हवा पातळ आहे, त्याचा परिणाम असेल.

खुर्चीवर बसून महिना होतो न होतो तोच झुराकान दारात उभी राहिली. ही विधवा बाई गावातल्या निम्म्या लोकांपेक्षा थोरली, म्हणून सगळे तिला एजे म्हणतात, म्हणजे ताई. जिभेला धार, आणि मालमत्ता म्हणाल तर एक गाभण गाय. उन्हाळाभर विळा चालवून तिनं गवताची गंजी रचली होती. ती बेइशेनच्या गायींनी एका धुक्याच्या सकाळी घुसून फस्त केली.

"बर्फ पडायला लागलं की माझी गाय काय खाणार, इमानाली? माझ्या डोक्याचा रुमाल?"

"तुमचं अगदी खरं आहे, एजे."

"खरं आहे ते मला ठाऊक आहे. गवत कोण देणार ते सांग. नाहीतर मला ती खाटकाला विकावी लागेल, पोटात वासरू असताना."

"शनिवारी पंचायत बसतेय ना. बघू."

"बघायचं काय राहिलंय त्यात? बेइशेनच्या गायी तोंडात माझं गवत धरून अख्ख्या गल्लीतून मिरवत घरी गेल्या."

"बघू," इमानाली म्हणाला. या एका शब्दावर त्यानं संसार केला होता, नोकरी केली होती आणि आता न्यायही करायचा विचार होता.

अडचण अशी, की बेइशेन त्याचा वर्गमित्र. एका बाकावर बसून दोघांनी मास्तरांचा मार खाल्लेला. पंचायतीतला दुसरा पंच सादिर, तोही त्याच वर्गातला. आणि आमच्याकडे एका वर्गातली माणसं मरेपर्यंत एकमेकांची पाठ सोडत नाहीत. हिवाळाभर पाळीपाळीनं एकेकाच्या घरी जेवण असतं, त्याला शेरिने म्हणतात. ज्याची पाळी त्यानं मेंढा कापायचा आणि ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे हाड त्याच्या पुढ्यात ठेवायचं. सगळ्यात मानाचं हाड खुब्याचं. मेंढ्याला खुबे दोन, आणि वर्गातले दोन वडीलधारे म्हणजे सादिर आणि बेइशेन. माणूस त्यातले चार घास तिथं खातो आणि उरलेलं पिशवीत घालून बायकोला नेतो. बायको पिशवी उघडते आणि नवऱ्याची गावात काय किंमत आहे ते तिला कळतं.

या खेपेची शेरिने इमानालीकडे होती. गुरुवारी, म्हणजे पंचायतीच्या तोंडावर.

बेइशेननं त्याला दुकानापाशी गाठलं. "काय रे इमाश, मेंढा जाडजूड आहे ना?"

"आहे बुवा."

"म्हणजे खुबाही भरलेला असणार. पुढ्यात येईल तेव्हा बघूच, कुणाला कुणाची किती आठवण आहे ते." आणि त्यानं इमानालीच्या पाठीवर अशी थाप मारली, की डोक्यावरचा कल्पाक नाकावर आला.

इमानाली घरी आला तो चेहरा पाडून. खुबा बेइशेनला दिला, तर संध्याकाळच्या आत गाव म्हणणार, अध्यक्ष विकला गेला. नाही दिला, तर सगळा वर्ग थुंकणार. पुढच्या शेरिनेला आपल्या पुढ्यात मानेचा मणका येणार, आणि तो पिशवीत घालून बायकोसमोर, सालिमासमोर न्यायचा. झुराकानच्या गाईचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला, पण मणक्याच्या मागून.

रात्रभर तळमळून सकाळी त्याला युक्ती सुचली.

"सालिमा, या वेळी हाडं वाढायचीच नाहीत. सगळं मांस सोलून बारीक कापायचं आणि शेवयांवर पसरायचं. बिश्केकमध्ये हल्ली असंच करतात."

सालिमा कणीक मळत होती, ती थांबली. "माणसं जेवायला बोलावून त्यांना हाड द्यायचं नाही? अहो, त्यापेक्षा कुत्रं अंगावर सोडा."

"सगळ्यांना सारखं. कुणाला राग यायला जागाच नको."

"सगळ्यांचा एकदम अपमान केला की कुणाचाच होत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"तू फक्त सोल."

गुरुवारी शेवया लाटायला शेजारच्या बायका आल्या, त्यात झुराकानही होती. तक्रार आपल्या जागी, शेजार आपल्या जागी. बाहेरच्या खोलीत वर्गमित्र गोल बसले. चहा झाला, जुन्या मास्तरांची नक्कल झाली, सगळं यथास्थित चाललं होतं. मग परात आली. शेवया, वर कांद्याचा रस्सा आणि वर मांसाचा नुसता चुरा.

सादिरनं बोटांनी चुरा उकरून पाहिला. "इमानाली, हा मेंढा दरीत पडून मेला का रे?"

"नवीन पद्धत आहे. शहरात असंच वाढतात."

"शहरात बापाला अंगणात झोपवतात. तेही करणार का?"

"घ्या रे, घ्या. मांस तेच आहे," इमानाली म्हणाला. कुणी हात लावीना.

बेइशेननं मांडीवरचा रुमाल घडी घालून बाजूला ठेवला. "मांस मला माझ्या घरीही मिळतं. मी इथं मान घ्यायला येतो. मी आज बायकोला काय दाखवू, रिकामी पिशवी? मेंढ्याला खुबे होते की नव्हते?"

"होते ना."

"मग आण."

डोळ्यांच्या दहा जोड्या आपल्यावर लागल्यावर इमानालीची नवीन पद्धत जागच्या जागी विरली. तो लगबगीनं स्वयंपाकघरात गेला. "सालिमा, ते दोन खुबे काढ. सोललेले असतील तर वर थोडं मांस लाव."

"खुबे मी सोललेच नाहीत. हात धजेना माझा."

"देव तुझं भलं करो. कुठायत?"

"झुराकान एजेला दिले. दोन्ही. बिचारीची गंजी गेली, निदान घरी जाताना हातात काहीतरी असावं."

इमानाली चुलीपाशी मटकन बसला. "अगं, खुबा म्हणजे काय तुला कळतं का? बाईला खुबा कुणी देतं?"

"तुम्हीच म्हणालात ना, बिश्केकमध्ये हल्ली काहीही करतात."

तो बाहेर आला. काहीतरी थाप मारायची होती, पण थाप मारायलाही कुणाला तरी दुखवावं लागतं, आणि ती सवय नव्हती. "खुबे झुराकान एजेनं नेले," तो म्हणाला आणि मान खाली घातली.

मग बेइशेन उठला. त्याच्या मागून सादिर उठला. जेवणानंतरची दुआसुद्धा न करता सगळा वर्ग बूट शोधायला लागला.

"म्हणजे निकाल लागला तर," बेइशेन दारात म्हणाला. "शनिवारपर्यंत थांबायची तरी कळ काढायचीस, इमाश."

शुक्रवारी सकाळी नळावर दुसरा विषय नव्हता. झुराकाननं खुबे झाकून ठेवले असते तर ती झुराकान कसली. आल्यागेल्याला दाखवत होती. "अध्यक्षांच्या घरून आलेत. दोन्ही." बेइशेनची बायको बादली घेऊन आली, तेव्हा बायका बाजूला सरकल्या आणि तिला आधी पाणी भरू दिलं. कुणी मेल्यासारखी ती वागणूक तिला सोसली नाही. घरी जाऊन तिनं नवऱ्याला काय सांगितलं ते गल्लीतल्या कुत्र्यांनाही पाठ झालं.

इमानाली दिवसभर घरात दडून होता. शेवटी तंबाखू संपली म्हणून बाहेर पडला, तर भलतंच. पोरांनी सलाम केला. दुकानदारानं उठून दोन्ही हातांनी पुडी दिली. ज्या म्हाताऱ्यानं त्याच्याकडे वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं, तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "शाबास. सख्ख्या वर्गमित्राची भीड ठेवली नाहीस. आणि एक शब्द न बोलता. हाडानं निकाल दिलास."

आता खरं सांगायचं तर इमानाली शनिवारी उठून "ती बायकोची चूक होती" असंच म्हणणार होता. वाक्यही तयार होतं. पण दुकानापासून घरापर्यंत येता येता ते वाक्य त्याला आवडेनासं झालं. घरी आल्यावर तो सालिमाला म्हणाला, "बघ, मी काय केलं ते."

"कुणी केलं?"

"एकूणात," इमानाली म्हणाला.

शनिवारी शाळेच्या वर्गात पंचायत बसली, तेव्हा मुंगी शिरायला जागा नव्हती. कामकाज सुरू व्हायच्या आत बेइशेन उभा राहिला. तोंड कडू झालेलं. "पहाटे गाडीभर गवत एजेच्या अंगणात टाकलंय. माझ्या गायींनी खाल्लेलं मी फेडलं. आता माझ्या बायकोला कुणीतरी सांगा, मला घरात घ्यायला."

लोक हसले, टाळ्या पडल्या. सादिरनंसुद्धा जरा कुरकुरत का होईना, मान हलवली. "माणूस कडक निघाला आपला. जेवण वाया घालवलं, पण कडक निघाला."

एवढं झाल्यावर घरी जायचं की नाही? पण इमानाली उठला. कल्पाक सारखा केला. जन्मात पहिल्यांदा लोक त्याच्या तोंडाकडे पाहत होते, आणि तोंडात काहीतरी असायला हवं होतं.

"मंडळी, खुर्चीवर बसणाऱ्याला वर्गमित्र नसतो. मला लोक म्हणाले, मान जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. ज्याला सगळ्यांनी बरं म्हणावं असं वाटतं, त्यानं लग्नात गाणी म्हणावीत, न्याय करू नये. चूक ती चूक. मग ती मित्राची असो, नाहीतर माझ्या स्वतःच्या घरातली असो."

मागच्या बाकावर सालिमानं डोळे मिटून घेतले.

टाळ्या थांबल्यावर झुराकान उठली. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरंच होतं. "इमानाली, अल्ला तुला लांब आयुष्य देवो. मी तुला उगाच भित्रा समजले. ज्याच्यापुढे न्याय मागायचा त्याचंच नाव कसं घ्यायचं, म्हणून मी गप्प होते. पण आता तुझं बोलणं ऐकलं आणि मन मोकळं झालं. गंजी दोन गाड्यांची होती. एक गाडी बेइशेनच्या गायींनी खाल्ली. दुसरी तुझ्या तांबडीनं. कुंपण मोडलेलंच होतं, त्याआधी ती रोज सकाळी यायची. आठवडाभर."

सगळ्या माना अध्यक्षांकडे वळल्या.

"माझी तांबडी?" इमानाली म्हणाला. "एजे, ती गरीब आहे हो. ती कुणाच्या दारात जात नाही."

"मग दूध कसलं घट्ट येत होतं?" मागून सालिमा म्हणाली. "मी तेव्हाच तुम्हाला विचारलं होतं. तर म्हणालात, चंद्र वाढतोय."

"हे बघा," इमानाली हात वर करून म्हणाला. गवताची टंचाई त्याच्याही घरी होती आणि हिवाळा त्यालाही काढायचा होता. "अशा गोष्टी एकदम ठरवायच्या नसतात. शेजार आहे, माणुसकी आहे. पुढच्या शनिवारी बसू, सगळ्या बाजू ऐकू. बघू."

तोवर सालिमा उठून दारापर्यंत पोचली होती. गवताचं दाताळं कुठं ठेवलंय, एवढंच तिनं जाता जाता विचारलं.

मग बेइशेन उठला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता. तो शांतपणे पुढं गेला, अध्यक्षांच्या खांद्यावर हात टाकला आणि त्यांना दाराकडे वळवलं.

"माझी गाडी बाहेर जुंपलेलीच आहे, इमाश. चल, भरू लागतो. वर्गमित्रासाठी माणसानं एवढं तर करायलाच हवं."