एकनाथभाऊंची आपत्ती

एकनाथ महाजनांनी बुधवारा मोहल्ल्यात आमच्या शेजारच्या खोलीत चार वर्षं काढली, पण स्वतःचा म्हणून झाडू घेतला नाही. झाडू आमचा, माठ आमचा, खलबत्ताही आमचाच. विचारलं की ठरलेलं उत्तर, "कायले घेऊ, भाऊ? एमे झालो का मी तं निघालोच!" वळकटी बारा महिने सुतळीने आवळलेली. गृहस्थ चटईवर झोपत आणि वळकटीला टेकून इतिहास वाचत.

निघायचं होतं तुकईथडला, त्यांच्या गावी. तिथल्या शाळेत मास्तर टिकत नसे. "मी टिकणार," एकनाथभाऊ म्हणत. तोवर इथल्या शाळेत शिकवायचं आणि घरी अभ्यास करून नागपूरची एमेची परीक्षा द्यायची, असा बेत. दोनदा गचकले.

"एमे करून पोरांना बाराखडीच शिकवणार ना?" मी येताजाता चिडवायचो.

"अर्धवट शिकून गेलो तं गाव म्हणीन, पयून आला."

तिसऱ्या वर्षी त्यांनी दाढी करणं सोडलं. दाढीच्या वेळात एक मोगल बादशहा पाठ होतो, असं त्यांचं म्हणणं. शेवटी पास झाले, तेव्हा स्वतःच बादशहा दिसत होते.

परीक्षा दिली तेव्हा नागपूर आमची राजधानी होती. पदवीचा कागद हाती पडेपर्यंत राज्यांची फेरवाटणी झाली, नागपूर परराज्यात गेलं आणि आम्ही भोपाळचे झालो. एकनाथभाऊ कागद उलटसुलट करून म्हणाले, "मी तं जागचा हाललो नाही, अन् राजधानीच निघाली!"

नव्या सरकारकडून नेमणुकीचा फॉर्म आला तो हिंदीत. गाव तुकईथडच, तिथे जायला दुसरं कोण तयार होणार! बाजारात आम्ही सगळेच हिंदी फाडतो, पण कचेरीची हिंदी वेगळी. मी कापडाच्या पेढीवर हिंदी पत्रं लिहायचो, म्हणून म्हटलं, मला दाखवा. तर म्हणाले, "एमे झालेल्या माणसाले फारम भरता येत नाही का?" एकट्यानेच भरला आणि पाठवूनही दिला.

महिन्याभरात हुकूम आला: 'आपकी आपत्तियाँ उचित मानकर आपको तुकईथड से मुक्त किया जाता है.' रुजू व्हायचं चांदनीला, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला. रेल्वे स्टेशनचं गाव मिळालं म्हणून लोक पेढे मागायला आले. एकनाथभाऊ भिंतीकडे तोंड करून बसले होते.

हुकुमासोबत त्यांचा फॉर्मही परत आला होता. मी तो वाचला. तळाशी छापील ओळ होती: 'उक्त स्थान के विषय में कोई आपत्ति हो तो लिखें.' हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. आपल्याकडे आपत्ती म्हणजे संकट. एकनाथभाऊंनी आपल्याकडचा अर्थ धरून मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'वडील वारले. आई गावी एकटी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चाचपडत चूल पेटवते. दोनदा पदर जळाला. मी येथे इतिहास वाचतो.'

चार वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो, पण यातलं अक्षर मला ठाऊक नव्हतं. मला माझ्या चिडवण्याची लाज वाटली.

मी शब्दाचा अर्थ सांगितला; कचेरीने मजकूर न वाचताच हरकत धरली असणार, हेही सांगितलं. त्यांनी फॉर्म हातात घेऊन ती छापील ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "म्हणजे मीच नाही म्हटलं?"

उठून त्यांनी तोंडावर पाणी मारलं. "लिहा, भाऊ, दुसरा अर्ज. पोस्टात नाही टाकत. मी सोता खंडव्याले घेऊन जातो."

गेलेही. तीन दिवस तिथल्या जिल्हा कचेरीच्या पायरीवर बसून हुकूम फिरवून घेतला. पण ते पुढचं. त्या दुपारी मी दौत ओढली आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "मुझे कोई आपत्ति नहीं है."

सहीसाठी पुढे आलेला त्यांचा हात थांबला.

"का हो, खोटं लिहिल्यासारखं वाटतंय?" मी विचारलं.

"वाटते," ते म्हणाले. तरी त्यांनी सही केली आणि शाईवर हलकेच फुंकर घातली. "पन मायच्या हातची काडी घेऊन चूल मी पेटवली, का मंग खरंच होईन."