सगळी पानं हजर

वॉर्डातल्या पेशंटने उशाजवळचं बटण दाबलं की सिस्टरच्या टेबलावरची घंटा लगेच वाजायला हवी. ती चाळीस सेकंदांनी वाजते, अशी सिस्टरची तक्रार होती. दोन महिने ती कुणी मनावर घेतली नाही. मग तीन नंबरच्या आजोबांनी बटण दाबलं, वाट पाहिली, कंटाळून स्वतःच उठले आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. त्यावर मात्र चौकशी लागली. चौकशी अर्थातच सिस्टरची.

घंटेचा प्रोग्राम जावईबापूंनी लिहिलेला. इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागातले ते एकुलते एक इंजिनिअर. सासरे हृदयाचं दुखणं घेऊन पाच नंबरच्या खाटेवर आल्यापासून सगळा वॉर्ड त्यांना जावईबापू म्हणत होता. म्हणजे घंटा वेळेवर वाजणं ही आता त्यांच्या घरचीही बाब होती.

त्यांचा संशय एकाच गोष्टीवर होता. कॉम्प्युटर प्रोग्रामची मेमरी पानापानांनी ठेवतो. बराच वेळ न लागलेली पानं रॅममधून, म्हणजे हाताशी असलेल्या झटपट मेमरीतून, काढून डिस्कवर नेऊन टाकतो, लागली की परत आणतो. इस्पितळाची डिस्क इतकी म्हातारी झाली होती की तिला पेशंट म्हणूनच दाखल करायला हवं होतं.

"घंटेची पानं रॅममध्ये असतात की नाही, तेवढं बघतो," ते विभागप्रमुखांना म्हणाले.

त्यासाठी त्यांनी प्रोग्रामच्या पोटातच एक तपासनीस बसवला. दर दोन मिनिटांनी तो प्रत्येक पानावर जाई, पहिलं अक्षर वाची आणि वाचता आलं की हजेरी लावी. आठवडाभरात एकही पान गैरहजर सापडलं नाही. घंटाही त्या आठवड्यात झटक्यात वाजत होती.

"म्हणजे प्रोग्राम निर्दोष," प्रमुख खूश झाले. "बाई डुलक्या काढत होत्या. चौकशी लागली तशा आल्या ताळ्यावर."

"डुलक्या काढणारी बाई रोज सेकंद मोजून वहीत लिहील का हो?" सिस्टरने विचारलं.

याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, म्हणून तिला कामावरून काढलं. अहवालाखाली जावईबापूंची सही होती. त्यांना वाईट वाटलं, पण आकडे त्यांच्या बाजूने होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते सासऱ्यांजवळ बसले होते. बायकोने वडिलांवर वाकून विचारलं, "बाबा, झोपलात का?"

"नाही."

दहा मिनिटांनी पुन्हा, "बाबा, झोपलात का?"

"नाही गं."

"बघा ना," ती नवऱ्याला म्हणाली, "सकाळपासून दहादा विचारलं. जरा म्हणून डोळा लागलेला नाही यांचा."

"तू विचारलंस की मी उठतो," सासरे म्हणाले.

जावईबापू ताडकन उठून उभे राहिले. पान वाचायला मागितलं की कॉम्प्युटर ते आधी निमूट डिस्कवरून रॅममध्ये आणतो आणि मगच वाचू देतो. त्यांचा तपासनीस आठवडाभर एकेक पान ओढून आणत होता आणि वर त्याची हजेरी लावत होता. घंटा त्याच्यामुळे सुधारली होती. सिस्टर खरं बोलत होती.

ते तडक प्रमुखांकडे गेले.

"चूक माझी आहे. सिस्टरना परत बोलवा. आणि पानं रॅममध्ये कायमची डांबून ठेवतो, एका ओळीचं काम आहे."

"ती ओळ घातली तर आधी ती नव्हती असं होईल," प्रमुख शांतपणे म्हणाले. "निर्दोष प्रोग्रामला हात लावायचा नाही."

"मग तो तपासनीस तरी चालू राहू द्या."

"तो कशाला? चौकशी संपली. सकाळीच बंद करायला लावला मी. तुमचा पासवर्डही काढलाय, उगाच मोह नको."

जावईबापू जिन्याने धापा टाकत वॉर्डात आले. टेबलापाशी नवी सिस्टर ताठ बसली होती. त्यांनी सासऱ्यांच्या उशाजवळचं बटण दाबलं आणि घड्याळ बघू लागले.

"काय मोजताय?" सासऱ्यांनी विचारलं.

एकेचाळिसाव्या सेकंदाला घंटा वाजली आणि सिस्टर धावतच आली. पेशंट धड आहे हे तिने पाहिलं, मग जावईबापूंच्या हातावरचं घड्याळ पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"साहेब, मी जागी होते," ती म्हणाली. "शपथ घेऊन सांगते."

जावईबापूंनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.