फिलूमावशीची कुजबुज

फिलूमावशीचं नाव निघालं की मी विषय बदलायचो. असं बरीच वर्षं केलं. आता मावशी नाही आणि मीही सत्तरी ओलांडली, म्हणून सांगतो.

मावशीला ऐकू कमी यायचं, पण आपण फार हळू बोलतो अशी तिची ठाम समजूत होती. रेवदंड्याच्या खाडीजवळ आमचं ख्रिस्ती लोकांचं लहानसं गाव. दर शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये पापनिवेदन असे. जाळीच्या पलीकडे फादर, अलीकडे गुडघ्यांवर मावशी, आणि तिची कुजबुज थेट दारापर्यंत.

"फादर, सुक्या सोड्यांत दमट सोडे मिसळून विकले! पाप छोटं हाय, पन माझंच हाय!"

"फिलूबाई, जरा हळू."

"काय? आनि तुमच्या प्रवचनात झोपले. पन तुमीबी लय लांबवलंत!"

रांगेतले आम्ही खाली माना घालून हसायचो. खरं तर दुसऱ्याचं निवेदन चुकून कानावर पडलं तरी ते तिथंच पुरायचं, असा आमच्यात दंडक. मी मात्र जाळीजवळचा बाक धरून बसायचो आणि नंतर चहाच्या टपरीवर मावशीचा आवाज काढून दाखवायचो. हशा मिळायचा.

मग तिचा मुलगा मिंगेल गेला. तो आणि मावशीच्या जावेचा, रोजाचा, मुलगा जोसेफ एकाच होडीवर होते. होडी उलटली. जोसेफ पोहत किनाऱ्याला लागला.

पुढच्या शनिवारी मावशीच्या मागे मी एकटाच होतो.

"फादर, जोसेफ दारात उभा दिसला आनि मनात आलं, ह्यो बुडायचा होता, माझा यायचा होता. पाप मोठं हाय, फादर."

टपरीवर कोणीतरी विचारलं, "अंतोन, आज काय म्हणाली मावशी?" मी सवयीने आवाज काढून सांगितलं. कोणी हसलं नाही.

दोन्ही जावांच्या घरांमध्ये एक दार होतं. टपरीवरचं बोलणं, माझं नाव न येता, रोजाच्या कानावर गेलं आणि तिने ते आपल्या बाजूने बंद केलं.

मावशी माझ्याकडे आली. "इतकं हळू बोलले रं मी. फादरशिवाय कोनाला ठावं? त्यांनीच फोडलं."

पापनिवेदनात ऐकलेलं फादरनी मरेपर्यंत बाहेर काढायचं नसतं, हे आमच्यातल्या लहान पोरालाही माहीत. आता ते स्वतःच्या बचावासाठीही बोलू शकत नव्हते. मावशी समोर आली की मान खाली घालायचे. तिने पापनिवेदन सोडलं. रविवारी मिस्साला यायची, पण निवेदन केलेलं नाही म्हणून ख्रिस्तप्रसादाच्या वेळी मागच्या बाकावर बसून राहायची. दार बंदच होतं, तरी जोसेफ होडीवर निघाला की भिंतीआडून त्याच्या पाठीमागे हवेत क्रुसाची खूण करायची. हे मी पाहिलं आहे.

शेवटी मी जाळीपुढे गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं. फादर म्हणाले, "मला सांगून काय होणार? तिला सांग."

गेलो. मावशी अंगणात बोंबील वाळत घालत होती. शेजारच्या ओटीवर रोजा तांदूळ निवडत होती.

"मावशी, ते फादरनी नाही..."

"काय? मोठ्यानं बोल की!"

रोजाने मान वर केली.

"बोंबील कसे दिले?" मी ओरडलो.

"तुझ्याकडनं काय पैसे घ्यायचे? ने तसेच." कागदात भरपूर बांधून दिले. मी ते घरी नेऊन खाल्लेही.

त्यानंतर किती वेळा गेलो असेन. दर वेळी बोंबीलच घेऊन आलो.

गेल्या उपवासकाळात मावशीने अंथरूण धरलं. फादर मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन आले, तर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. ते बाहेर जाऊन उभे राहिले. मी खाली बसलो. पायाशी रोजा होती, जोसेफ होता, निम्मं गाव होतं. मी मावशीच्या कानाला तोंड लावलं.

"मावशी, फादरनी नाही सांगितलं. मी सांगितलं. मला क्षमा कर."

"कोन, अंतोन? काय म्हनतोस? मोठ्यानं बोल, बाबा."

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"काही नाही, मावशी," मी ओरडून म्हणालो. "पडून राहा."