एकाच मापाची एकेचाळीस कासवं

माणूस बेटावर सहलीला जातो तो स्वतःसाठी नव्हे, न गेलेल्यांसाठी. ज्यांना हे उमगतं ते समाजात मान मिळवतात. ज्यांना उमगत नाही ते समुद्रात डुंबत बसतात आणि परतल्यावर नातेवाइकांच्या मनातून उतरतात.

वजनमापे खात्यातले एक निरीक्षक पहिल्या वर्गात मोडत. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर ते पत्नीला घेऊन पाच दिवसांसाठी बेटावर गेले. पत्नीची मागणी एकच होती: एक संध्याकाळ दोघांनी पाण्यात पाय सोडून बसायचं. मागणी तोंडी असल्याने तिची नोंद झाली नाही. नोंद झाली ती भेटवस्तूंच्या यादीची. तीत एकेचाळीस नावं होती: भावंडं, व्याही, कार्यालय, शेजारी, दातांचे डॉक्टर (यांच्याशी वाकडं घेऊन चालत नाही) आणि मागच्या सहलीत धाकट्या वहिनींपेक्षा लहान पंखा मिळाला म्हणून तीन वर्षं अबोला धरलेल्या थोरल्या काकू.

सबब निरीक्षकांनी धोरण ठरवलं: सर्वांना एकच वस्तू, एकाच मापाची. करवंटीचं कासव, मान हलणारं. खिशात खात्याची पट्टी होतीच. (रजेवर असताना सरकारी पट्टी वापरावी का, हा प्रश्न त्यांना पडला; तो त्यांनी स्वतःच्या अधिकारात निकाली काढला.)

पहिल्या दिवशी त्यांनी दोनशे सात कासवं मोजली. एका मापाची निघाली सहा.

"साहेब, नारळ झाडाला लागतात, साच्यातून नाही निघत," दुकानदारीण म्हणाली.

"म्हणून तर मोजावं लागतं," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी पुढचं कासव उलटं केलं.

बाजारात अठरा दुकानं होती. तिसऱ्या दिवसापर्यंत सतरा तपासून झाली. अठरावं छत्र्यांचं होतं. तिथेही त्यांनी विचारून घेतलं, उगाच मनाला रुखरुख नको. मग नव्या मालासाठी दुसरी फेरी सुरू झाली. पट्टी दिसली की दुकानदार आपणहून पत्नीसाठी स्टूल पुढे करू लागले. समुद्र दुकानांच्या मागेच होता. स्टुलावरून तो छान ऐकू यायचा.

"अहो, आज तरी जाऊया ना?"

"समुद्र कुठे पळून जातोय? कासवं मात्र संपतील."

युक्तिवाद बिनतोड होता. पत्नी पुन्हा स्टुलावर बसली.

पाचव्या दिवशी दिवस मावळताना एकेचाळिसावं कासव मापात बसलं. निरीक्षकांना गहिवरून आलं. हा आनंद सांगायला ते वळले, तर स्टूल रिकामं. थोड्या वेळाने पत्नी एकटीच परत आली. पायांना ओली वाळू होती.

"कसा आहे समुद्र?"

"खारट," ती म्हणाली आणि कासवं कागदात गुंडाळायला बसली.

घरी परतल्यावर वाटप झालं. त्याचा गोषवारा असा: 'कशाला उगीच?' म्हणणारे तेहतीस. 'आमच्याकडे आहे असलंच,' म्हणणारे पाच. न बोलता घेऊन दार लावणारे दोन. उरलेल्या थोरल्या काकू. त्यांनी धाकट्या वहिनींचं कासव मागवून आपल्या कासवाशेजारी ठेवलं, वाकून पाहिलं आणि त्या तीन वर्षांनी बोलल्या, "ठीक आहे." समुद्र कसा होता, असं विचारणारे: निरंक.

"आणि माझं कासव?" पत्नीने विचारलं. विचारताना ती हसत होती.

निरीक्षकांनी यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर. "तू सोबतच होतीस ना," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण सोबत ती होती, ते नव्हते. उभ्या जन्मात दुसऱ्यांची मापं खोटी ठरवणाऱ्या त्या माणसाला फार वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्यातही काकू बोलल्या याचं थोडं बरं वाटत होतं.

असो. वाचून झालं असेल, हसून झालं असेल, तर जरा उठा आणि आपलं काचेचं कपाट उघडा. मागच्या रांगेत शिंपल्याचं, करवंटीचं, कसलं तरी काहीतरी असेलच. धूळ पुसा. कोणी आणलं होतं, आठवतंय? नाही ना? तुमच्या या वस्तूपायी कोणाची तरी बायको एकटीच समुद्र पाहून आली, आणि तुम्ही दारातच म्हणालात, "कशाला उगीच?"