पाठीनं खोली बघणारे सुभेदार

आमच्या धाड गावात भाड्याची खोली लोक डोळ्यांनी बघतात. शेनफड सुभेदार पाठीनं बघतात. वेशीजवळची माझी खोली दाखवायला मी आणि सौ. त्यांना घेऊन गेलो, तर त्यांनी चपला काढल्या आणि उघड्या फरशीवर सरळ आडवे झाले. हात छातीवर, डोळे मिटलेले. दहा मिनिटं झाली तरी हालचाल नाही. सौ. घाबरली. "अहो, जित्ते हायेत ना?"

"झोप येते का पाहून राह्यलो," सुभेदार डोळे न उघडता म्हणाले. "पंखा खडखडते, मास्तर. फौजीले चालत नाही."

फौजेतून परतलेला, घरच्यांशी बिनसलेला कुणी एस.टी. स्टँडवर मुक्काम ठोकून दिसला, की निवृत्त सुभेदार त्याला खोली शोधून देणार. घरमालकाची मनधरणी करणार. आणि तो तिथं टिकेपर्यंत पिच्छा सोडणार नाहीत. "खोली भेटणं म्हंजे भरती. टिकणं म्हंजे नोकरी!" हे त्यांचं पालुपद.

माझ्या खोलीत त्यांनी उत्तमला आणलं. अबोल, सरळ माणूस. पण चौथ्या दिवशी गडी पुन्हा स्टँडच्या बाकड्यावर! आधी दोन घरं त्यानं अशीच सोडली होती. मी वैतागलो. पुढच्या बाजारापर्यंत राहिला नाही तर खोली दुसऱ्याला, असं सुभेदारांना ठणकावलं.

ते मला घेऊन तडक स्टँडवर गेले.

"काऊन बे, पंखा त बदलला. आता काय सलते तुले?"

उत्तमनं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. "साहेब, खोलीत कोणी घोरत नाही."

मला हसू फुटलं. सुभेदारांना नाही. उत्तमनं वीस वर्षं बराकीत घोरणाऱ्यांच्या रांगेत काढलेली. शांतता झाली की त्याला धडकी भरायची, बाकीचे गेले कुठं?

मग सुभेदार गावात घोरणारा शोधू लागले. "तुमच्याकडं जोरात घोरणारं कोणी हाय का?" असं घरोघर विचारत सुटले. बायका द्यायला तयार होत्या, नवरे यायला तयार नव्हते.

बाजाराच्या दिवशी दुपारी मी कुलूप घेऊनच खोलीवर गेलो. आतून चढावर ट्रॅक्टर चालल्यासारखा आवाज येत होता. उत्तम भिंतीकडं तोंड करून गाढ झोपलेला. शेजारच्या सतरंजीवर घोरत होते खुद्द सुभेदार! कोपऱ्यात त्यांची पत्र्याची पेटी.

माझ्या चाहुलीनं ते उठले आणि मला बाहेर घेऊन आले. "तीन दिवस झाले, मास्तर. गडी हालला नाही."

मी थक्क झालो. या माणसापुढं मला माझ्या हातातल्या कुलपाची लाज वाटली. "सुभेदार, त्याच्यासाठी स्वतःचं चार खोल्यांचं घर सोडलंत?"

त्यांनी दार अलगद ओढून घेतलं.

"आलो होतो त्याच्यासाठीच," ते हळूच म्हणाले. "पण तुमची वहिनी गेली तवापासून मलेही त्या घरात झोप नव्हती."