दिल्लीनं कारण दिलं नाही

आमचे शेजारी तुकोजीअण्णा दारातल्या भिकाऱ्यालासुद्धा कारण सांगितल्याशिवाय परत पाठवत नाहीत. "आज भात करपला, म्हणून नाही. उद्या ये. सरी, बरं ना?" भिकाऱ्याला पुढचं घर गाठायची घाई, पण अण्णा सोडतील तर ना! वांगी घेतली नाहीत तर भाजीवालीला कारण. कंडक्टर "जागा नाही" म्हणाला, की हे बसच्या पायरीवर अडून: "कारण?" कन्नड-तमिळ बोलणाऱ्या आमच्या साऱ्या शिवाजीनगरला ताप.

हा रोग त्यांना दिल्लीत जडला. मला पक्कं ठाऊक, कारण खटला माझ्यावरच घातला होता.

माझ्या परसात विहीर. मधल्या भिंतीत एक दार. अण्णांची बायको येसूअक्का तिथून पाण्याला यायची. घागर हिंदकळायची, माझ्या वाळत घातलेल्या मिरच्या भिजायच्या. मी दाराला कडी घातली. माझी भिंत, माझी कडी! अण्णा कोर्टात गेले. खाली हरले, वर हरले. तोवर गल्लीत नळ आला, तरी हे दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात!

माझा वकील म्हणाला, "तुम्ही कशाला येता? तिथं आधी खटला ऐकायचा की नाही, एवढंच ठरवतात." म्हटलं, माझ्या विहिरीचं माझ्या पाठीमागं ठरवणार? गेलोच. गाडीत आम्ही दोघं समोरासमोर. बोलणं बंद. पण भाकरी कोरडी लागली तेव्हा अण्णांनी माझी चटणी खाल्ली, तोंड फिरवून.

आणि तिथं काय? अण्णांचा वकील उभा राहतोय तोच न्यायाधीशांनी कागद उलटले आणि म्हणाले, "फेटाळला." चला, पुढचा! माझ्या वकिलाला तर तोंडही उघडू दिलं नाही. वाटभर पाठ केलेलं मिरच्यांचं सगळं माझ्या पोटातच राहिलं. जिंकलो म्हणे! ही काय जिंकायची रीत झाली? आमच्या गल्लीतला न्हावी कोंबड्यांवरून झालेलं भांडण सोडवतो, तोही दोन्ही बाजू ऐकतो.

अण्णा बाहेर पायरीवर बसले होते. "राव, कारण काय दिलं?"

"नाही दिलं."

"असं कसं?"

"द्यावं लागत नाही म्हणे."

तेव्हापासून हे सुरू. परवा माझ्या ओट्यावर येऊन पुन्हा तेच. मी भडकलो. "अण्णा, नळ दारात असताना विहिरीचं पाणी कशाला पाहिजे होतं? तुमचंच कारण सांगा की स्वल्प, थोडं तरी!"

 अण्णा हळूच म्हणाले, "पाणी कुणाला पाहिजे होतं? अक्का साताऱ्याकडची. तिला कन्नड जमत नाही, तमिळ कळत नाही. विहिरीवर तुमच्या घरातली भेटायची, तेवढंच ती बोलायची. कामाशिवाय कुणाच्या दारात जायची नाही ती. आता दिवसभर गप्प असते."

"मग अर्जात का नाही लिहिलं?"

"वकील म्हणाला, असल्या गोष्टीला कायद्यात जागा नाही."

"आणि मला? गाडीत समोरच्या बाकावर बसला होतात ना?"

याचं कारण अण्णांनी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कडी काढली. निकाल माझ्याच बाजूचा आहे, दारही माझंच आहे. येसूअक्का रिकामी घागर घेऊन आली. आमच्या घरातलीशी बोलत बसली, दुपार झाली तरी उठेना. गेली तेव्हाही घागर रिकामीच होती.

मिरच्या मी आता छपरावर वाळवतो. का, ते सांगायला मी कुणाला बांधलेला नाही.