'सेल'च्या जागी 'पेशी'

सुमेधाच्या व्याख्यानाची पुस्तिका छपाईला जायला अर्धा तास उरला असताना प्राचार्यांनी तिला बोलावून घेतले.

"मॅडम, यात सगळीकडे 'सेल' लिहिलंय. आपल्याकडे सेल म्हटलं की लोकांना साड्या आठवतात. 'पेशी' करा."

सुमेधा मिरजगावजवळच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होती, तीही वर्षाच्या करारावर. नव्या करारावर सही व्हायची होती, आणि सही करणारे संस्थेचे अध्यक्ष भागवतरावच कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे होते. तिने वाद घातला नाही. 'सेल' सापडेल तिथे 'पेशी' कर, असे संगणकाला सांगून ती मोकळी झाली. एकशे बारा ठिकाणी बदल झाले. फाईल गेली.

दुसऱ्या दिवशी सभागृहात भागवतरावांनी पुस्तिका उघडली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मॅडम, ह्ये काय छापलंय? 'अध्यक्षांचे मार्गदर्शन अपेशी'? अजून माईक हातात घेतला न्हाई मी!"

सुमेधाने पान पाहिले. संगणकाने 'असेल'मधला सेलसुद्धा सोडला नव्हता. 'नसेल'चे 'नपेशी' झाले होते, 'दिसेल'चे 'दिपेशी'.

"साहेब, परका शब्द काढायला गेले आणि आपलेच शब्द बिघडले," ती कशीबशी म्हणाली. घाबरल्यावर तिला विषयच आठवे. "आपल्या पेशीतही असंच होतं. विषाणू शिरला की एक एन्झाइम त्याच्या डीएनएतलं 'सी' अक्षर बदलून 'यू' करतं. विषाणू बिघडतो. पण कधी पेशीचा स्वतःचाच डीएनए उघडा सापडला, तर ते त्याचीही अक्षरं बदलतं. त्यातून पुढं कॅन्सरसुद्धा होऊ शकतो."

"म्हंजी राखनीचं कुत्रं घरच्यालाच चावलं?"

"हो, चोर समजून."

भागवतरावांनी पुस्तिकेवर बोट ठेवले. "मंग ह्ये तुमी मुद्दाम छापलंय व्हय?"

सुमेधाने तोंड उघडण्याआधीच प्राचार्य म्हणाले, "अर्थात साहेब! लोकांना उदाहरणासकट समजावं म्हणून!"

भागवतराव खूश झाले आणि थेट माईककडे गेले. "मंडळी, पुस्तिकेतल्या चुका आमी मुद्दाम ठेवल्यात," अशी सुरुवात करून ते पन्नास मिनिटे बोलले. त्यात एन्झाइम आले, मेहुण्याला चावलेले कुत्रे आले आणि विरोधी पॅनेलही आले. टाळ्या थांबेनात. खाली उतरताना त्यांनी तिथल्या तिथे करारावर सही केली.

व्याख्यानाची वेळ त्यातच संपली होती. आभार मानायला उठलेल्या आदिनाथ सरांनी हातातला कागद वाचला, "सुमेधा मॅडमचं अत्यंत अभ्यासपूर्ण व्याख्यान आपण आत्ताच ऐकलं."

सुमेधाने उभे राहून नम्रपणे हात जोडले.